ऑनलाइन सुरक्षेचा कायदा कुणी घडवला? 'प्रज्वला' खटला, त्यातल्या दोन वकील आणि आपला सीमाभाग

चिंताकी, औराद, कमलनगर, भालकी या पट्ट्यात एकाच मोबाइलवर चार भाषांचे मेसेज येतात. घरचा ग्रुप मराठीत, शाळेचा कन्नडमध्ये, बाजारातला दखनीत आणि हैदराबादला कामाला गेलेल्या पोरांचा तेलुगू-हिंदीत. एखादा खोटा मेसेज किंवा कुणाच्या मुलीचा व्हिडिओ उदगीरहून निघाला की चहा थंड व्हायच्या आत तो नारायणखेडपर्यंत जातो. त्याला राज्याची हद्द आडवी येत नाही. तक्रार घेऊन जाणाऱ्या माणसाला मात्र ती हद्द पदोपदी आडवी येते.

अशा वेळी कायदा काय म्हणतो, तो कुठून आला आणि तो घडवणाऱ्यांत मानवी हक्कांच्या वकिलांचा वाटा किती, याची ही सविस्तर माहिती.

मुरकी, १३ जुलै २०१८

सुरुवात आपल्याच भागातून करावी लागते. १३ जुलै २०१८ ला हैदराबादहून काही मित्र गाडीने बीदर जिल्ह्यात आले होते. त्यांच्यात कतारहून आलेला एक पाहुणा होता. वाटेत त्यांनी शाळकरी मुलांना चॉकलेट दिले. त्या दिवसांत 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असे मेसेज जिकडेतिकडे फिरत होते. कुणीतरी या लोकांचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. गाडी मुरकीला पोहोचेपर्यंत तिथे रस्ता अडवलेला होता. गाडी खड्ड्यात गेली आणि जमाव तुटून पडला. ३२ वर्षांचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर जागीच गेला, त्याचे सोबती जबर जखमी झाले. त्यांना वाचवायला गेलेल्या पोलिसांनाही मार बसला. पुढे तीसच्या आसपास लोकांना अटक झाली. त्यात व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिनही होता.

त्याआधी बाराच दिवसांपूर्वी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना अशाच अफवेपायी ठेचून मारलं होतं. ते मंगळवेढ्याकडचे, म्हणजे आपल्या सोलापूर बाजूचेच.

मुरकीनंतर चौथ्या दिवशी, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात निकाल दिला. तो खटला मुळात गोरक्षणाच्या नावाखाली होणाऱ्या हिंसेबद्दल होता. त्यात महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधी हेही याचिकाकर्ते होते. त्यांच्या बाजूने मानवी हक्कांच्या ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग उभ्या होत्या. न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमा, भडकाऊ मेसेज आणि व्हिडिओ पसरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा, जमावहत्येचे खटले जलदगतीने, शक्यतो सहा महिन्यांत संपवा आणि पीडितांच्या घरच्यांसाठी भरपाईची योजना करा.

२० जुलैला व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. आज कुणी ब्राझीलमध्ये बसून मेसेज पुढे ढकलायला गेला आणि पाचावर अडला, तर त्यामागे राईनपाडा आणि मुरकी आहे, हे त्याला माहीत नसतं. आपल्याला माहीत असायला हवं.

पेन ड्राइव्ह आणि एक पत्र

अफवा हा ऑनलाइन सुरक्षेचा एक भाग झाला. दुसरा भाग याहून जुना आणि याहून झाकलेला आहे. तो म्हणजे बायकांचे आणि मुलांचे अत्याचाराचे व्हिडिओ.

हैदराबादची 'प्रज्वला' ही संस्था १९९६ पासून देहव्यापारातून सोडवलेल्या स्त्रिया आणि मुलींसाठी काम करते. तिच्या सहसंस्थापक सुनीता कृष्णन यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्या हाती सामूहिक बलात्काराचे दोन व्हिडिओ आले. गुन्हेगारांनी ते स्वतःच काढले होते आणि ते व्हॉट्सअॅपवर बिनदिक्कत फिरत होते. गुन्हेगारांचे चेहरे त्यात स्पष्ट दिसत होते. कुणालाही अटक झालेली नव्हती, कारण कुठल्याही ठाण्यात तक्रारच नव्हती. त्यांनी १८ फेब्रुवारी २०१५ ला भारताच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि सोबत पेन ड्राइव्ह जोडला. तेव्हा सरन्यायाधीश होते एच. एल. दत्तू.

न्यायालयाने या पत्रालाच याचिका मानलं. कायद्याच्या भाषेत याला 'स्वतःहून दखल' म्हणतात. खटल्याचं नावही तसंच पडलं, 'प्रज्वला पत्र दिनांक १८.२.२०१५ संदर्भात'. खटला न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती उदय लळीत यांच्यासमोर चालला. लळीत पुढे सरन्यायाधीश झाले, त्यांचा जन्म सोलापूरचा.

या खटल्यात दोन वकिलांची नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

अपर्णा भट : अॅसिडपासून व्हिडिओपर्यंत

प्रज्वलाच्या बाजूने अपर्णा भट उभ्या राहिल्या. त्या 'सायबर वकील' म्हणून पुढे आलेल्या नव्हत्या. त्यांची वाट मानवी हक्कांची, त्यातही स्त्रियांच्या हक्कांची.

अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका मुलीने २००६ मध्ये केलेल्या जनहित याचिकेत त्या वकील होत्या. त्या खटल्यात १८ जुलै २०१३ ला न्यायालयाने अॅसिडच्या विक्रीवर बंधनं घातली. ओळखपत्र दाखवल्याशिवाय अॅसिड विकायचं नाही, दुकानदाराने नोंद ठेवायची, पीडितेला किमान ३ लाख रुपये भरपाई द्यायची.

आता बघा, या दोन खटल्यांत एक धागा आहे. अॅसिड फेकणारा गुन्हेगार असतोच. पण अॅसिड इतक्या सहज मिळतं कसं, हा प्रश्न विचारला की दुकानदार आणि सरकार दोघेही जबाबदारीत येतात. व्हिडिओचंही तेच आहे. तो काढणारा गुन्हेगार असतोच. पण तो व्हिडिओ हजारो फोनवर जातो कसा, सर्च केल्यावर सापडतो कसा, एकदा काढून टाकल्यावर पुन्हा वर येतो कसा, हे विचारलं की कंपन्यांना उत्तर द्यावं लागतं. गुन्हेगाराच्या पलीकडे जाऊन व्यवस्थेला जबाबदार धरायची ही रीत मानवी हक्कांच्या वकिलीतून ऑनलाइन सुरक्षेत आली.

पुढे २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना, पीडितेच्या घरी जाऊन तिच्याकडून राखी बांधून घे, अशी अट घातली. त्याविरुद्ध अपर्णा भट आणि आणखी आठ महिला वकील स्वतः याचिकाकर्त्या म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १८ मार्च २०२१ ला न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी ती अट रद्द केली. जामीन देताना आरोपी आणि पीडिता यांची भेट घडवणाऱ्या अटी घालू नयेत, तडजोड किंवा लग्न सुचवू नये, असं खालच्या न्यायालयांना बजावलं. हा निकाल आज अपर्णा भट यांच्याच नावाने ओळखला जातो.

गावात फोटो-व्हिडिओचं प्रकरण झालं की 'मिटवून टाका, पोरीचं नाव निघेल' असं म्हणणारे पाच जण आधी पुढे येतात. त्यांच्यासाठी हा निकाल वाचून दाखवण्यासारखा आहे.

एन. एस. नप्पिनै : न्यायालयाच्या मदतनीस

दुसऱ्या वकील एन. एस. नप्पिनै. मुंबई उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या नप्पिनै यांना प्रज्वला खटल्यात 'न्यायमित्र' म्हणून नेमलं होतं. न्यायमित्र म्हणजे कुठल्याही पक्षाचा नसलेला, न्यायालयाला विषय समजावून सांगणारा वकील. तंत्रज्ञान कायद्यावर त्यांचं पुस्तक आहे आणि 'सायबर साथी' या उपक्रमातून त्या सामान्य माणसाला सायबर गुन्ह्यांची माहिती देतात. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या ५६ वकिलांना 'वरिष्ठ अधिवक्ता' हा दर्जा दिला, त्यांत ११ महिला होत्या आणि नप्पिनै त्यांपैकी एक.

२०२५ मध्ये 'डिजिटल अरेस्ट'च्या फसवणुकीची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याचं भासवून, व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवून, न्यायालयाचे खोटे आदेश दाखवून म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी काढून घेणारी ही टोळी. त्या खटल्यातही न्यायमित्र म्हणून नप्पिनै यांचीच नेमणूक झाली. १ डिसेंबर २०२५ ला न्यायालयाने या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

प्रज्वला खटल्यातून काय मिळालं?

न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये एक समिती नेमली. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे अजय कुमार तिचे अध्यक्ष. एका बाजूला सरकार, प्रज्वला आणि न्यायमित्र. दुसऱ्या बाजूला गुगल, फेसबुक, व्हॉट्सअॅप, मायक्रोसॉफ्ट आणि याहू. 'हे तांत्रिकदृष्ट्या शक्यच नाही' असं म्हणणाऱ्या कंपन्यांना टेबलावर बसवून 'मग काय शक्य आहे ते सांगा' असं विचारलं गेलं. २३ ऑक्टोबर २०१७ च्या आदेशात ज्या शिफारशींवर सगळ्यांचं एकमत झालं, त्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या मुख्य अशा :

• तक्रारीसाठी देशभराचं एकच पोर्टल असावं आणि त्यावर नाव न सांगताही तक्रार करता यावी.

• असे व्हिडिओ शोधायला वापरले जाणारे शब्द भारतीय भाषांतूनही गोळा करावेत, म्हणजे तसा शोध घेणाऱ्याला इशारा दिसेल. फक्त इंग्रजी शब्द अडवून आपल्याकडे काही साधत नाही.

• 'हॅश' पद्धत वापरावी. हॅश म्हणजे फाइलचा आकड्यांतला ठसा, माणसाच्या अंगठ्यासारखा. एकदा ठसा नोंदला की तोच व्हिडिओ पुन्हा कुणी टाकला तर यंत्र ओळखतं. दरवेळी पीडितेने नव्याने तक्रार करायला नको.

कंपन्या सगळं मुकाट्याने करत होत्या असं नाही. काय केलं याचा अहवाल वेळेत दिला नाही म्हणून १८ मे २०१८ ला न्यायालयाने गुगल, फेसबुक, व्हॉट्सअॅपसह या कंपन्यांना प्रत्येकी १ लाख रुपये भरायला लावले. रक्कम त्यांच्यासाठी चहापाण्याची, पण संदेश पोहोचला.

२० सप्टेंबर २०१८ ला राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टल सुरू झालं. ऑगस्ट २०१९ मध्ये ते सगळ्याच सायबर गुन्ह्यांसाठी खुलं झालं. आज आपण ज्या पोर्टलवर तक्रार टाकतो, ते त्या पेन ड्राइव्हमधून जन्मलं.

२५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आणले. तेव्हा दिलेल्या कारणांत प्रज्वला खटल्याचा उल्लेख होता. या मूळ नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमणं आलं. एखाद्याचा नग्न किंवा लैंगिक फोटो-व्हिडिओ, अगदी बनावट केलेलासुद्धा, त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी तक्रार केल्यावर २४ तासांत हटवण्याची मुदत घातली गेली. 'तिच्या वतीने कुणी' हे शब्द महत्त्वाचे. पोरीने स्वतः लिहायलाच पाहिजे असं नाही. भाऊ, मावशी, मास्तर, वकील कुणीही लिहू शकतं. कंपनीने दाद दिली नाही तर १ मार्च २०२३ पासून सरकारच्या तक्रार अपील समित्याही काम करू लागल्या.

दुसरी बाजू : सुरक्षेच्या नावाखाली तोंड बंद नको

मानवी हक्कांचा वकील इथेच थांबत नाही. कारण जे हत्यार गुन्हेगारासाठी घडवलं, ते उद्या बोलणाऱ्यावरही चालतं.

पालघरचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एका मुलीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने तो 'लाइक' केला, आणि दोघींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्या बाजूने सोली सोराबजी उभे राहिले. २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. न्यायालयाने हेही सांगितलं की न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावरच मजकूर हटवण्याची सक्ती कंपनीवर करता येईल. कुणीही उठून 'हे काढा' म्हटलं आणि काढलं, असं चालणार नाही.

इतकं होऊनही अनेक ठाण्यांत ६६अ खाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. मानवी हक्कांसाठी काम करणारी पीयूसीएल ही संघटना पुन्हा न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला सगळ्या राज्यांना सांगावं लागलं की मेलेल्या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका.

मुंबई उच्च न्यायालयातलं प्रकरण अजून ताजं आहे. सरकारबद्दलची माहिती खरी की खोटी हे सरकारचाच 'फॅक्ट चेक' विभाग ठरवेल, असा नियम २०२३ मध्ये आला. त्याला विनोदवीर कुणाल कामरा आणि इतरांनी आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ ला न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांचं मत एकमेकांविरुद्ध गेलं. शेवटी न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला तो नियम घटनाबाह्य ठरवणाऱ्या बाजूने कौल दिला.

कर्नाटकात मात्र वारं वेगळं आहे. मजकूर हटवण्याच्या सरकारी 'सहयोग' पोर्टलविरुद्ध 'एक्स' कंपनीने केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.

म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढाताण चालूच आहे. इंग्लंडने २०२३ मध्ये ऑनलाइन सुरक्षेचा वेगळा कायदा केला आणि अंमलबजावणी 'ऑफकॉम' या स्वतंत्र संस्थेकडे दिली. ऑस्ट्रेलियात २०१५ पासून यासाठी खास आयुक्त आहे. आपल्याकडे एकच कायदा किंवा एकच आयुक्त नाही. आपल्याकडे आहेत खटले, नियम आणि तुकड्यातुकड्यांनी जोडलेली वाट.

सीमाभागातल्या माणसाने काय लक्षात ठेवायचं?

हद्द आडवी आणू देऊ नका. व्हिडिओ टाकणारा देगलूरचा आणि मुलगी चिंताकीची असली तरी तक्रार चिंताकीच्या ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी ठाण्याने माहिती नोंदवली पाहिजे. लोक याला 'झिरो एफआयआर' म्हणतात. नोंदवलेलं तुम्हाला वाचून दाखवायचं असतं आणि प्रत फुकट मिळते. एफआयआर कन्नडमध्ये लिहिला असेल आणि वाचता येत नसेल, तर समजून घेतल्याशिवाय सही करू नका. ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं.

पैसे गेले तर आधी १९३०. हा देशभराचा क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडण्याची शक्यता जास्त. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाहीच.

फोटो-व्हिडिओचं प्रकरण असेल तर पुरावा आधी. घाबरून सगळं डिलीट करू नका. लिंक, नंबर, तारीख-वेळ आणि धमकीचे मेसेज जपून ठेवा. मग कंपनीकडे आणि पोर्टलवर तक्रार करा. स्त्रिया आणि मुलांच्या बाबतीत पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. अठरा वर्षांवरच्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा आहे. तिच्यात फोटो फोनबाहेर न जाता फक्त त्याचा हॅश नोंदवला जातो.

लहान मुलांचा व्हिडिओ कुणालाही पाठवू नका. 'बघा काय चाललंय' म्हणूनही नाही, पुरावा म्हणूनही नाही. २३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असा मजकूर बाळगणं आणि पाहणं हादेखील पोक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हा ठरू शकतो. 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच वापरू नका, कारण तो मनोरंजन नसून अत्याचाराचा पुरावा असतो, असंही न्यायालय म्हणालं. माहिती पोलिसांना द्या, बाकी कुणाला नाही.

पीडितेचं नाव उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ बघा. सहानुभूतीची पोस्ट टाकतानाही बलात्कारपीडितेचं नाव, फोटो, घर, शाळा यातलं काही येऊ देऊ नका.

ग्रुप अॅडमिनचं काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की सभासदाने टाकलेल्या मेसेजसाठी अॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, त्याचा त्यात सहभाग किंवा समान हेतू दिसला पाहिजे. पण अफवा आपणच पुढे ढकलली, माणसं गोळा केली, तर सुटका नाही. न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या जमावहत्येला जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा आहे.

शेवटी

या सगळ्या वाटेवर एक गोष्ट ठळक दिसते. मोठे बदल मोठ्या कंपन्यांनी आपणहून केले नाहीत. एका बाईने पत्र लिहिलं, एका विद्यार्थिनीने याचिका केली, काही वकिलांनी वर्षानुवर्षं तारखा घेतल्या. आणि काही बदल माणसं मेल्यानंतरच झाले.

मुरकीला त्या दिवशी एखाद्याने शाळेच्या मास्तरांना एक फोन लावून 'ही माणसं कोण, काय केलं त्यांनी' एवढं विचारलं असतं, तर चॉकलेट वाटणारे पाहुणे संध्याकाळी आपल्या घरी गेले असते. कायदा त्या फोनची जागा घेऊ शकत नाही. पुढचा मेसेज पुढे ढकलण्याआधी तो फोन आपणच लावायचा आहे.